टीव्हीवर जाणारं ग्राफिक: कॉम्पपासून एक्स्पोर्टपर्यंत कुठली सेटिंग, कुठल्या क्रमाने

चतुर्थी जवळ आली किंवा निवडणुकीचा निकाल तोंडावर आला, की गोव्यातल्या ग्राफिकवाल्यांच्या फायली चॅनेलकडून परत यायला लागतात. डिझाइन वाईट असतं म्हणून नव्हे. कॉम्प (ज्यात ग्राफिक मांडतात ती कॉम्पोझिशन) सेकंदाला ३० फ्रेमचा असतो, अल्फा (पारदर्शकतेची माहिती) भलताच गेलेला असतो, नाहीतर अक्षरं हवेत हलल्यासारखी थरथरतात. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हमखास विचारतात, "दादा, एक्स्पोर्टला काय ठेवू?" त्या खिडकीत पोचेपर्यंत अर्धे निर्णय होऊन गेलेले असतात, आणि चुकलेला निर्णय तिथे दुरुस्त होत नाही.

खाली आफ्टर इफेक्ट्स हे हलत्या ग्राफिकचं सॉफ्टवेअर धरून लिहिलंय. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेनू वेगळे दिसतील, क्रम हाच राहील.

१. सॉफ्टवेअर उघडण्याआधी फोन करा

फोन एमसीआरमध्ये करा, म्हणजे जिथून चॅनेलचं प्रसारण चालतं त्या मास्टर कंट्रोल रूममध्ये. मार्केटिंगवाल्याला विचारलंत तर तो "एचडी पाठवा" एवढंच सांगेल, आणि एचडी म्हणजे दहा वेगळ्या गोष्टी असू शकतात. विचारायचं ते असं:

- एचडी की एसडी? इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत) की प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेम एकदम)? इंटरलेस्ड असेल तर कुठली फील्ड आधी?
- पूर्ण जाहिरात किंवा प्रोमो हवाय, की दुसऱ्या चित्रावर चढणारं ग्राफिक?
- चढणारं असेल तर कशावर चढणार? एडिटरच्या टाइमलाइनवर, स्विचरवर (थेट प्रसारणात चित्रं निवडणारं-जोडणारं यंत्र), की विझआरटी किंवा कॅस्परसीजीसारख्या ग्राफिक्स इंजिनवर?
- कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) कुठला, फाइलचा प्रकार एमएक्सएफ की एमओव्ही?
- आवाजाची पातळी किती, चॅनेल किती?
- तुमचा लोगो आणि खालची पट्टी पडद्यावर नेमकी कुठे बसते? (शब्दांत नको, चालू बातम्यांचा एक स्क्रीनशॉट मागा.)

उत्तरं व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. स्पेसिफिकेशनचा कागदच नाही असं कळलं, आणि छोट्या केबल चॅनेलांत ते सर्रास होतं, तर गेल्या महिन्यात ऑन एअर गेलेली एखादी फाइल मागून घ्या आणि मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. रुंदी-उंची, फ्रेम रेट, स्कॅन टाइप, स्कॅन ऑर्डर, कोडेक, बिट रेट, आवाजाचे चॅनेल सगळं तिथे दिसतं. माणूस विसरेल, फाइल विसरत नाही.

२. प्रोजेक्ट सेटिंग आणि देवनागरीची परीक्षा

प्रोजेक्ट १६ बिटवर ठेवा. ८ बिटवर केशरी ते निळा असा संध्याकाळच्या आकाशाचा ग्रेडियंट केलात तर त्यात पट्टे दिसतात, आणि चॅनेलच्या कॉम्प्रेशननंतर तेच पट्टे पायऱ्यांसारखे उठून येतात. रंगाची वर्किंग स्पेस एचडीसाठी रेक ७०९, गॅमा २.४.

आता टेक्स्ट. प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात जाऊन भारतीय लिप्या नीट जोडणारं टेक्स्ट इंजिन चालू आहे का बघा. मग एक टेक्स्ट लेयर घेऊन हे शब्द टाइप करा: कुंकळ्ळी, म्हार्दोळ, दुसऱ्या, स्थिती. ळ्ळी जोडून आला पाहिजे. म्हार्दोळमधला रफार "दो"च्या डोक्यावर बसला पाहिजे. "दुसऱ्या"त ऱ्य दिसला पाहिजे, "र्य" नव्हे. "स्थिती"तली पहिली वेलांटी स आणि थ यांच्या मध्ये न शिरता "स्थ"च्या अलीकडे उभी राहिली पाहिजे. एक जरी चुकलं तरी पुढे जाऊ नका. इंजिन बदला, फॉण्ट बदला.

देवनागरीत आणखी दोन खड्डे आहेत. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं लटकतं. रोमन शीर्षकांची ती फॅशन आपल्या लिपीला चालत नाही. आणि टेक्स्ट अॅनिमेटर अक्षरागणिक चालवला तर मात्रा आधी येते, अक्षर मागून. तिथे "वर्ड्स" निवडा.

⚠ वृत्तपत्रातून आलेला मजकूर पुष्कळदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये असतो. पेस्ट केल्यावर अगम्य चिन्हं दिसतील. युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचा. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत हटकून चुकतो.

३. कॉम्पोझिशन

भारतात प्रसारण ५० हर्ट्झच्या कुटुंबातलं आहे. त्यामुळे एचडीसाठी कॉम्प १९२०×१०८०, स्क्वेअर पिक्सेल, २५ फ्रेम. चॅनेल "१०८०आय ५०" म्हणतं तेव्हा सेकंदाला ५० फील्ड म्हणजे २५ फ्रेमच असतात. ५० ऐकून कॉम्प ५० चा करायची गरज नाही.

सगळ्यात जास्त फायली इथेच मरतात. सॉफ्टवेअर उघडल्यावर समोर आलेला ३० किंवा २९.९७ चा प्रीसेट तसाच राहतो आणि शेवटी एक्स्पोर्टमध्ये २५ केलं जातं. ३० चे २५ करताना दर सहावी फ्रेम गळते. फेडमध्ये ते कळत नाही, पण आडव्या सरकणाऱ्या नावाला सेकंदात पाच हिसके बसतात. कॉम्पचा रेट मध्येच बदललात तर की-फ्रेम (हालचालीच्या सुरुवात-शेवटाच्या खुणा) आपापल्या वेळेवर राहतात, पण त्या फ्रेमच्या अधेमधे पडतात, आणि हालचाल नेमक्या फ्रेमवर सुरू होत नाही की थांबत नाही.

मोबाइलवर किंवा ड्रोनने काढलेलं फुटेज बहुतेक वेळा ३० चं असतं, मोबाइलचं तर बदलत्या फ्रेम रेटचं. शूटवाल्याला आधीच सांगून ठेवा: २५ किंवा ५० वर काढ, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे देवळाच्या मंडपातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकणार नाही.

लांबी फ्रेममध्ये मोजा. १० सेकंदांची जाहिरात म्हणजे २५० फ्रेम, शून्यापासून २४९ पर्यंत. २५१ वी फ्रेम काळी असली तर पुढच्या जाहिरातीआधी पडदा मिचकतो, आणि एमसीआरमधला माणूस तुमचं नाव लक्षात ठेवतो. लूप करताना हाच हिशेब: १०० फ्रेमचं फिरणारं चक्र असेल तर की-फ्रेम ० आणि १०० वर, रेंडर मात्र ० ते ९९. शंभरावी फ्रेम आणि शून्यावी एकच असते, दोन्ही रेंडर केल्या तर प्रत्येक फेरीत चक्र क्षणभर अडखळतं.

चॅनेलला एसडी हवं असेल तरी काम एचडीत करा आणि शेवटी ७२०×५७६ वर उतरवा. तिथे पिक्सेल चौरस नसतो: १६:९ साठी १.४६, ४:३ साठी १.०९. हे विसरलात तर गोल लोगो अंड्यासारखा होतो.

✓ तपासा: प्रत्येक प्री-कॉम्प (कॉम्पच्या आत ठेवलेला कॉम्प) उघडून त्याचं सेटिंग बघा. मुख्य कॉम्प २५ चा आणि आत मागच्या वर्षीचा, दुसऱ्या कामातून उचललेला ३० चा लोगो, ही जोडी मी दर महिन्याला पाहतो.

४. सुरक्षित चौकट

अक्षरं कडेपासून ५ टक्के आत, म्हणजे डावी-उजवीकडे ९६ पिक्सेल आणि वर-खाली ५४. महत्त्वाची हालचाल ३.५ टक्के आत: ६७ आणि ३८. युरोपीय प्रसारण संघाच्या शिफारशीतले हे आकडे आहेत. आठशे वेळा वापरलेली जुनी ८० टक्क्यांची चौकट ठेवलीत तर बिघडत काही नाही, नुसती जागा वाया जाते.

मात्र आकड्यांवर थांबू नका. आपल्याकडे चॅनेलच्या पट्टीच्या वर कधीकधी केबल ऑपरेटर स्वतःची पट्टी चढवतो. जाहिरातीतला फोन नंबर तळाला असेल तर तो हमखास झाकला जातो. आणि चॅनेल ४:३ वरही दिसत असेल तर दोन्ही बाजूंचे २४०-२४० पिक्सेल कापले जातात. पहिल्या टप्प्यात मागवलेला स्क्रीनशॉट इथे सगळ्यात वरचा लेयर म्हणून ठेवा, अपारदर्शकता ५० टक्के, आणि त्याखाली मांडणी करा. रेंडरआधी तो लेयर बंद करायचा. (एकदा विसरलो होतो. दुसऱ्याच्या बातम्या अंधुक दिसणारी फाइल घेऊन परत जावं लागलं.)

५. फील्ड आणि शिरोरेखा

इंटरलेस्ड चित्रात एका फील्डमध्ये एकाआड एक ओळी असतात, उरलेल्या ओळी दुसऱ्या फील्डमध्ये. एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ त्यामुळे एकाच फील्डमध्ये सापडते. सेकंदाच्या पन्नास वेळांपैकी पंचवीस वेळा ती असते आणि पंचवीस वेळा नसते. डोळ्याला ती थरथरताना दिसते.

आता देवनागरीकडे बघा. आपल्या प्रत्येक शब्दावर एक आडवी रेघ असतेच. म्हणूनच इंग्रजी नाव स्थिर दिसतं आणि त्याच पट्टीतलं मराठी नाव कापतं. सुरुवातीच्या दिवसांत मी एका कार्यक्रमाची नावपट्टी अगदी हलक्या वजनाच्या फॉण्टमध्ये केली होती. मॉनिटरवर देखणी दिसत होती. रात्री घरी टीव्ही लावला तर आई म्हणाली, "अक्षरांना थंडी वाजतेय काय रे?" शिरोरेखा जेमतेम दीड पिक्सेल भरली होती.

तेव्हापासूनचा माझा नियम: फॉण्ट मीडियमच्या खाली नाही, आणि कॉम्प १०० टक्क्यांवर बघून शिरोरेखा निदान ३ पिक्सेल भरली पाहिजे, ४ असली तर उत्तम. सजावटीच्या आडव्या रेघा सम जाडीच्या: २ किंवा ४, आणि पूर्ण पिक्सेलवर बसलेल्या. इतकं करूनही थरथर उरली तर फक्त उभ्या दिशेने अर्धा-पाऊण पिक्सेल ब्लर द्या. मॉनिटरवर किंचित मऊ दिसेल, टीव्हीवर घट्ट बसेल.

दुसरा निर्णय फील्ड रेंडरिंगचा. सावकाश फेड, लोगोची हलकी चमक, स्थिर पाटी यांसाठी २५ प्रोग्रेसिव्ह रेंडर करून ५०आयच्या फाइलमध्ये भरलं तरी चालतं. सरकती पट्टी किंवा जोरात घुसणारं शीर्षक असेल तर खरी फील्ड हवीत. कॉम्प २५ चाच ठेवून रेंडर सेटिंगमध्ये "अपर फील्ड फर्स्ट" निवडा. सॉफ्टवेअर प्रत्येक फील्ड तिच्या स्वतःच्या क्षणी काढतं आणि हालचाल पन्नासाची होते. हे काम मी आफ्टर इफेक्ट्सच्या रेंडर क्यूमधूनच करतो, बाहेरच्या एन्कोडरवर सोडत नाही.

एचडीत अपर. एसडीत डीव्ही पाल असेल तर लोअर. उलट गेलं तर ग्राफिक एक पाऊल पुढे, अर्धं मागे असं चालतं, आणि लॅपटॉपवर ते कळतही नाही.

⚠ फील्डसह रेंडर झालेली फाइल पुन्हा टाइमलाइनवर घेऊन लहान-मोठी करू नका, वर-खाली एक ओळही सरकवू नका. ओळींची वीण उसवते. बदल हवा असेल तर परत कॉम्पमध्ये.

६. सरकती पट्टी: गुणाकार-भागाकार

पट्टीचा वेग मनाला येईल तो ठेवायचा नसतो. दर फ्रेमला पूर्ण पिक्सेल सरकले पाहिजेत, आणि फील्ड असतील तर सम संख्येने, म्हणजे प्रत्येक फील्डच्या वाट्याला पूर्ण पिक्सेल येतात. दर फ्रेमला ८ पिक्सेल म्हणजे सेकंदाला २००. एक शब्द १९२० चा पडदा ९.६ सेकंदांत पार करतो. बातम्यांच्या पट्टीला मला हा वेग वाचनीय वाटतो.

निकालाच्या दिवशी चाळीसही मतदारसंघांची पट्टी करायची आहे असं धरा. मजकुराची रुंदी ९६०० पिक्सेल भरली. पडद्याबाहेरून येऊन पूर्ण बाहेर जायला ९६०० अधिक १९२०, म्हणजे ११५२० पिक्सेल चालावं लागतं. ८ ने भागा: १४४० फ्रेम, ५७.६ सेकंद. चॅनेलला बरोबर एक मिनिट हवंय म्हणून शेवटची की-फ्रेम १५०० व्या फ्रेमवर ओढली, की वेग ७.६८ होतो आणि अक्षरांच्या कडा लकाकू लागतात. त्याऐवजी एकूण अंतर १२००० करा, म्हणजे नावांमधल्या मोकळ्या जागांत ४८० पिक्सेल वाढवा. ८ × १५००, हिशेब चोख.

की-फ्रेम लिनिअर. सुरुवातीची जागा पूर्ण आकड्यात, ५४०.३ वगैरे काही राहू देऊ नका.

खालून वर जाणाऱ्या नामावलीला नियम जास्त कडक: इंटरलेस्डमध्ये दर फ्रेमला ४ च्या पटीत. २ ठेवलंत तर प्रत्येक फील्डमध्ये मजकूर एकच ओळ सरकतो, दोन्ही फील्डना अक्षरांच्या त्याच त्या ओळी मिळतात आणि बाकीच्या अर्ध्या ओळी पडद्यावर येतच नाहीत.

७. रंग

टीव्हीच्या ८ बिट सिग्नलमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. हे कुठेतरी वाचून मुलं सगळ्यावर लेव्हल्स लावून ० ते २५५ चं १६ ते २३५ करतात. पण प्रोरेस किंवा एक्सडीकॅम या कोडेकमध्ये लिहिताना सॉफ्टवेअर ते रूपांतर स्वतःच करतं. दोनदा झालं की काळा राखाडी आणि पांढरा मळका. आफ्टर इफेक्ट्समध्ये काळा शून्यच ठेवा.

भडक रंगांपासून मात्र जपा. शिगम्याच्या जाहिरातीत निळ्यावर शुद्ध लाल अक्षरं घालायचा मोह होतो. ४:२:२ पद्धतीच्या व्हिडिओत रंगाची माहिती आडव्या दिशेने निम्मीच राहते, त्यामुळे ती कड पसरते. लाल २५५ वरून २०० च्या आसपास आणा, अक्षराला पांढरी किंवा गडद किनार द्या. शेवटी प्रीमियर किंवा रिझॉल्व्हच्या स्कोपवर (सिग्नलची पातळी दाखवणारा आलेख) बघा. युरोपीय प्रसारण संघाच्या आर १०३ या शिफारशीत आरजीबीची मुभा उणे ५ ते १०५ टक्क्यांपर्यंत आहे, पण चॅनेलचं यंत्र त्याहून कडक असू शकतं.

"ब्रेकिंग"चा झगमगाट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकवू नका. प्रकाशाने झटका येणारे प्रेक्षक असतात.

८. अल्फा

वर चढणाऱ्या ग्राफिकला पारदर्शकता लागते. एच.२६४ मध्ये ती राहत नाही. प्रोरेस ४२२ एचक्यूमध्येही नाही. प्रोरेस ४४४४ घ्या, चॅनेल्स "आरजीबी + अल्फा", किंवा टीजीए नाहीतर पीएनजी सिक्वेन्स (प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र).

मग प्रश्न स्ट्रेट की प्रीमल्टिप्लाइडचा. प्रीमल्टिप्लाइडमध्ये अर्धपारदर्शक कडांत काळा मिसळलेला असतो, स्ट्रेटमध्ये रंग तसाच राहतो. घेणाऱ्या यंत्राने ती फाइल स्ट्रेट समजून वाचली की प्रत्येक अक्षराभोवती काळपट कड येते. उलट झालं तर कडा जळाल्यासारख्या पांढुरक्या. स्ट्रेट फाइल नुसत्या प्लेअरमध्ये उघडली तर मऊ सावल्यांच्या जागी दातेरी ठोकळे दिसतात. घाबरून ती "दुरुस्त" करू नका, तिचं रूप तसंच असतं. स्विचरला फिल (रंगीत चित्र) आणि की (पारदर्शकतेचं काळं-पांढरं चित्र) वेगवेगळ्या लागत असतील तर दोन फायली, एकच लांबी, एकच नाव, शेवटी फक्त एफ आणि के.

✓ तपासा: सगळं काम संपायच्या आधी पाच सेकंदांची चाचणी फाइल एमसीआरला पाठवा आणि पडद्याचा फोटो मागवा. त्यात एक मऊ सावली, एक पातळ शिरोरेखा आणि एक सरकतं नाव असू द्या. उरलेले वाद तिथेच मिटतात.

९. रेंडर

जून ते सप्टेंबर, आणि मे महिन्यातसुद्धा, लांब रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये करू नका. चाळीस मिनिटं झाल्यावर वीज गेली की अर्धवट एमओव्ही उघडतच नाही. चित्रांचा सिक्वेन्स काढा, रेंडर सेटिंगमध्ये "स्किप एक्झिस्टिंग फाइल्स" चालू ठेवा, वीज आल्यावर जिथे थांबलं तिथून पुढे चालू. अर्धवट लिहिलेली शेवटची फ्रेम तेवढी हाताने पुसा. डिस्कचा हिशेब आधी करा: अल्फासह १९२०×१०८० ची ८ बिट, न दाबलेली एक फ्रेम सुमारे ८.३ एमबी, म्हणजे सेकंदाला २०७ एमबी.

१०. देण्याची फाइल

सिक्वेन्स २५ फ्रेमवर इंटरप्रेट करा, म्हणजे तो सेकंदाला २५ फ्रेमचा आहे असं सॉफ्टवेअरला सांगा. आयात करताना सॉफ्टवेअर आपल्या मनाने ३० धरतं, आणि दहा सेकंदांची जाहिरात सुमारे सव्वाआठची होते. फील्डसह रेंडर केलं असेल तर पुढे कॉम्पमध्ये न टाकता सरळ एन्कोड करा.

पूर्ण जाहिरातीसाठी बरीच चॅनेल एक्सडीकॅम एचडी४२२, ५० एमबीपीएस, एमएक्सएफ ओपी१ए मागतात. प्रोरेस ४२२ एचक्यू मागितलं तर २५ फ्रेमला सुमारे १८४ एमबीपीएस, तीस सेकंदांना ७०० एमबीच्या आसपास. आवाज ४८ किलोहर्ट्झ. यूट्यूबवरून उचललेलं ४४.१ चं संगीत आधी बदलून घ्या (आणि त्याचे हक्क कोणाचे तेही बघा). पातळी चॅनेल सांगेल ती. आर १२८ ही आवाजाची युरोपीय शिफारस पाळणारे उणे २३ एलयूएफएस (आवाजाच्या मोठेपणाचं एकक) मागतात.

फाइलच्या नावात देवनागरी, मोकळी जागा, कंस नकोत. रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर. "फायनल_फायनल२" नको, तारीख आणि आवृत्ती लिहा.

११. पाठवण्याआधी

फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडून पहिल्या टप्प्यातल्या व्हॉट्सअॅप उत्तरांशी ओळीनओळ ताडून बघा. मग पहिली आणि शेवटची फ्रेम थांबवून बघा. मग आवाज बंद करून एकदा, आणि चित्राकडे न बघता एकदा. शेवटी एच.२६४ ची प्रत पेन ड्राइव्हवर घालून घरच्या टीव्हीला लावा आणि खुर्ची आठ-दहा फूट मागे घ्या. नाव वाचता आलं पाहिजे, फोन नंबर लिहून घेता आला पाहिजे.

व्हॉट्सअॅपने फाइल पाठवू नका, तो व्हिडिओ दाबून टाकतो. गुगल ड्राइव्हची लिंक द्या, आणि एमसीआरमधून "चढली" असा निरोप येईपर्यंत सिक्वेन्सचा फोल्डर पुसू नका.